बाहेरची

कमलिनी बोधनकर आमच्या खालच्या क्वार्टरमध्ये राहायची. मूर्तिजापूरची पोर, बोलायला मोकळी, हसायला लागली की वर माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. नवरा अनंत भोपाळच्या कारखान्यात तंत्रज्ञ. मशिनं बसवायला महिनोन्‌महिने परगावी जायचा, आमच्याकडे त्याला साइटवर जाणं म्हणतात. घरी ही आणि सासू रत्नप्रभाबाई.

टाउनशिपने आम्हाला दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे एक व्हरांडा दिला होता, कपडे वाळत घालायला. आमच्या मराठी घरांनी तिथे बायकांना बाहेर बसवायची सोय करून टाकली. सुनेची पाळी आली की तिची सतरंजी, ताट, भांडं मागच्या व्हरांड्यात. आणि व्हरांडे कसे, तर समोरासमोर, मध्ये अरुंद गल्ली. कुणाकडे कोण बाहेरची आहे हे सकाळी दूध घेतानाच सगळ्या लाइनीला कळायचं. दिवसभर टर्बाइनचे नकाशे वाचणाऱ्या माणसांची घरं बरं का ही! मला तेव्हाही संताप यायचा आणि आज सांगतानाही येतोय.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. संक्रांतीच्या आठवडाभर आधी अनंत साइटवर गेला. संक्रांतीच्या सकाळी कमलिनीला थोडे डाग दिसले. तारखेला अजून अवकाश होता. ती सरळ मनाने म्हणाली, "आई, लवकर आली वाटतं."

सासूने पुढे विचारलंच नाही. किती जातंय, कसं जातंय, पोटात दुखतंय का, काही नाही. थंडीत सतरंजी बाहेर. समोरच्या विजयाताई, आमच्या महिला मंडळाच्या पुढारीण, गल्लीपलीकडून ओरडल्या, "काय गं, आज हळदीकुंकू आणि आजच बसलीस?" ते साऱ्या लाइनीने ऐकलं.

फेब्रुवारी सरता सरता तिला उलट्या सुरू झाल्या. लघवी तपासली, दिवस राहिले होते. ती इतकी खूश झाली की मला वर येऊन मिठीच मारली. मधल्या काळात अनंत एकदाही घरी आलेला नव्हता, हे तिच्या ध्यानातही नव्हतं. विजयाताईंच्या मात्र होतं. त्यांनी बोटं मोजली. "नवरा गेला आधी, ही बसली नंतर. तो काही परत आला नाही. मग?"

तो 'मग' भाजीच्या गाडीपासून मंडळाच्या हॉलपर्यंत पोचला. हॉलमध्ये कुणीतरी म्हणालं, "बाहेरची बसली होती ना, मग पोरही बाहेरचंच!" आणि शिकल्यासवरलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी उठून आले. तिथे बसले असते तर कुणाच्या तरी अंगावर चहा ओतला असता.

रत्नप्रभाबाईंनी ट्रंक कॉल लावून मुलाला बोलावून घेतलं. अनंत आरडाओरडा करणारा नव्हता. त्याने एवढंच विचारलं, "मी गेल्यावर तू बाहेर बसली होतीस की नव्हतीस?"

"बसले होते."

"मग?"

पुन्हा तोच 'मग'. परवा तुला माहेरी, मूर्तिजापूरला सोडून येतो, म्हणाला. ते सोडणं कायमचं, हे तिलाही कळलं.

ती माझ्याकडे आली तेव्हा रडत नव्हती. संतापली होती. "सुनंदावहिनी, हे कसं झालं मला कळत नाही. पण मी दुसऱ्या कुणाकडे बघितलेलं नाही. माझं अंगच माझ्याविरुद्ध साक्ष देतंय हो."

मी म्हटलं, डॉक्टरकडे चल. तिने हट्ट धरला, नवरा आणि सासू दोघांनीही यायचं. "नाहीतर मी मूर्तिजापूरला जाणार नाही. मंडळाच्या दारात बसेन." या धमकीला दोघंही घाबरले.

लेडी डॉक्टरांनी तिला नीट तपासलं आणि मग सगळं विचारलं, जे त्या सकाळी घरात विचारायला हवं होतं. रंग कसा होता? तपकिरी. कापड भिजलं? नाही, नुसते डाग. किती दिवस? दुसऱ्या दिवशी थांबलं.

"ये महीना था ही नहीं," डॉक्टर म्हणाल्या. "बच्चा ठहरने के शुरू में कुछ औरतों को ऐसे हल्के दाग आ जाते हैं. गिनती उससे पहलेवाले महीने से होगी, दिसंबर से, और गर्भ भी उतना ही बढ़ा है." मग चष्मा काढून रत्नप्रभाबाईंकडे वळल्या. "बच्चा ठहरा तब आप घर पर थे," हे त्या अनंतला बोलल्या, पण बघत होत्या सासूकडे. "दाग दिखें तो दिखाने लाते हैं, माँजी, बाहर नहीं बिठाते. ज़्यादा खून जाता, दर्द होता, तब भी बरामदे में ही रखतीं?"

घरी येताना रत्नप्रभाबाई पुटपुटल्या, "आम्हाला काय ठाऊक?" ठाऊक नव्हतं, मान्य. पण ठाऊक नसताना सतरंजी बाहेर टाकता येते, ट्रंक कॉल लावता येतो, पोटुशा पोरीची बॅग भरता येते! तेवढं विचारायला काय धाड भरली होती? अनंत खाली मान घालून "चुकलं" म्हणाला. मूर्तिजापूरला जाणं रद्द झालं.

मुलगी झाली. ज्या बायका हसल्या होत्या त्याच बारशाला घुगऱ्या खाऊन गेल्या. माफी कुणीच मागितली नाही. मागायची असते हेच कुणाला सुचलं नाही.

पोर चालायला लागली त्यानंतरच्या संक्रांतीला कमलिनी काळी साडी नेसून हळदीकुंकवाला आली. विजयाताईंनी तिला कुंकू लावलं, ओटी भरली, तिळगूळ दिला. तिने तिळगूळ तोंडात टाकला आणि शांतपणे म्हणाली, "विजयाताई, आज मी बाहेरची आहे बरं का."

विजयाताईंचा हात करंड्यातच राहिला.

"मागे नव्हते, तेव्हा बसवलंत. आज आहे, तर आत आले. घ्या, मोजा आता."

पोरीला कडेवर घेऊन ती निघाली. मी धावतच मागे गेले. हसू आवरत नव्हतं. जिन्यापाशी गाठून हळूच विचारलं, "काय गं, खरंच आहेस?"

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. ती हसत नव्हती.

"तुम्हालाही मोजायचंय, वहिनी?"