शेठसमोरचा अंगठा

त्या मॅडमचा मला पहिल्या भेटीतच राग आला होता आणि तो अजून उतरलेला नाही. अर्धांगवायूने बाबांची उजवी बाजू आणि वाचा गेल्यावर घरी माणूस पुरवणाऱ्या एका एजन्सीकडून आम्ही अटेंडंट घेतला होता. मी वळ गावातल्या गोडाऊनमध्ये पॅकिंगच्या ड्युटीवर; दिवसभर कामतघरच्या आमच्या खोलीत बाबा आणि तो, दोघंच. सेवा नीट चाललीय का, पेशंट सुखरूप आहे का, हे बघायला एजन्सीची मॅडम यायची. म्हणजे दारात उभी राहायची. पलंगाजवळ जायचं नाही, तोंडावरचा मास्क काढायचा नाही. तिथूनच विचारायची, "काय बाबा, सगळं ठीक?" बाबा डावा अंगठा वर करायचे. मोबाइलवर बोट फिरवत ती म्हणायची, "पेशंट एकदम समाधानी आहेत."

समाधानी! अहो, बाबांना ऐकूच येत नव्हतं. सगळी उमर कापड विणायच्या लूमवर गेलेली, कान केव्हाच कामातून गेले होते. त्या खडखडाटात कारखान्यातली माणसं ओठ वाचतात आणि हातांनी बोलतात. चिमटीत धरलेलं काही झटकन सोडल्यासारखं केलं की सुताची तार तुटली. तळहात दाराकडे झाडला की कुणाला तरी कामावरून काढलं. आणि शेठ फेरीला आला की मागे कितीही तारा तुटून लोंबू देत, अंगठा वर. सब बराबर. शेठला खरं सांगणारा दुसऱ्या दिवशी दाराबाहेर दिसायचा. बाबांना मॅडमचे ओठ दिसत नव्हते. दिसत होती ती दारात उभं राहून विचारणारी वरची बाई.

मग बाबांना खोकला सुरू झाला. डॉक्टरांनी बजावलं होतं की टेकवून बसवा, चमच्याचमच्याने भरवा. आडवं ठेवून भरवलं तर घास श्वासनलिकेत जाईल आणि जिवावर बेतेल. एका संध्याकाळी त्यांचं तोंड पुसताना मला कानामागे वाळलेली पेज लागली. बसलेल्या माणसाची पेज छातीवर सांडते, कानामागे कशी जाईल? माझं डोकंच फिरलं.

"दीदी, पानी पिलाते टाइम गिरा होगा," अटेंडंट म्हणाला. वाळलेलं पाणी पांढरं दिसतं, हे मला नवीनच कळलं. मॅडमला फोन केला, तर गोड आवाजात, "ताई, आमचे लोक ट्रेनिंग घेतलेले आहेत. आणि बाबा स्वतः खूश आहेत ना?"

पुढच्या वेळी ती येणार होती तेव्हा मी ड्युटी बुडवून घरी थांबले. तिने नेहमीसारखं दारातून विचारलं, अंगठा वर झाला.

"बघा, ताई."

"आता मी विचारते. तुम्ही गप उभ्या राहा."

मी बाबांच्या समोर बसले. लहानपणी डबा घेऊन कारखान्यात जायचे तेव्हा त्यांनीच मला ही हातांची भाषा शिकवली होती. तोंडाशी घास नेल्याची खूण केली, मग तार तुटल्याची: जेवताना काही बिघडतंय का? बाबांनी आधी मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डावा तळहात पलंगावर सपाट टेकवला. मग हात गळ्याशी नेला आणि चिमूट सोडली. पुन्हा सोडली.

"झोपवून भरवतो हा त्यांना. घास अडकतो. लिहा हे."

"पण ताई, असं हातवाऱ्यांवरून कसं धरणार? त्यांनी आत्ताच तर अंगठा..."

"अंगठा चालतो आणि हात न्हाय चालत?" मी इतकी ओरडले की शेजारीण डोकावली. "घेऊन जा ह्याला. ह्याने आजपासून आमच्या घरात पाय ठेवायचा न्हाय."

मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या. मी वळून पाहिलं तर बाबांचा चेहरा पडला होता. शब्द एकही पोचला नव्हता. फक्त माझा अवतार आणि त्या बाईच्या आठ्या दिसल्या होत्या. त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, तळहात दाराकडे झाडला आणि माझ्याकडे बघत राहिले. मला काढलं का?

स्वतःच्या घरातून. मी जोरजोरात मान हलवत होते, नाही बाबा, नाही. त्यांनी माझ्यावरची नजर काढली आणि घाईघाईने मॅडमकडे बघून अंगठा वर केला.