कुलूपबंद बादल्या

नाताळच्या सुट्टीत तानसा तलावाजवळच्या आपल्या फार्महाऊसवर येणारा तो मुंबईचा शेठ मी विसरलो नाही. मी तिथं दूध घालायचो. आगीच्या धास्तीनं आम्ही पेंढ्याची छपरं काढून कौलं चढवली, आणि यानं पक्क्या विटांच्या घरावर हौसेनं पेंढा घातला. "अस्सल गाव वाटलं पाहिजे!" म्हणत तो ढेरीवरून हात फिरवायचा. अस्सल गावाला अंगणात शेकोटीही हवीच, तीही छपराला खेटून.

कोणी टोकलं, की तो भिंतीवरच्या वाळूच्या लाल बादल्या दाखवायचा. सगळ्या साखळीत ओवलेल्या.

"शेठ, यांना कुलूप कशाला लावलंय?" मी एकदा विचारलं.

"तुम्ही गाववाले एक तरी ठेवाल का?"

एका संध्याकाळी ठिणगी छपरावर उडाली. शेठ किल्लीसाठी खिसे चाचपत राहिला. शेवटी गावच्या बायांनीच विहिरीवरून हंडे आणून आग विझवली. छप्पर गेलं, सोफा गेला, टीव्हीही गेला.

धूर विरल्यावर शेठ लगबगीनं भिंतीपाशी गेला, कुलूप ओढून पाहिलं, आणि ओल्या लुगड्यांनी उभ्या बायांकडे बघत समाधानानं म्हणाला, "कुलूप होतं म्हणून वाचल्या बादल्या."