इडेलाचा च्युइंगगम

ओझेल टर्नबोइतका गलिच्छ माणूस अख्ख्या मॅक्सवेल स्ट्रीटवर सापडणार नाही. हे मी त्याच्या पाठीमागे बोलत नाही, वीस वर्षं तोंडावर सांगत आलोय. डब्यातले सार्डिन मासे बोटांनी खायचा, बोटं पँटला पुसायचा आणि त्याच तेलकट हातांत माइक नि माउथऑर्गन एकत्र कवटाळून फुंकायचा. ऐकणारे बेभान होऊन ओरडायचे, "काय घाण वाजवतोस रे म्हाताऱ्या! अजून घाण कर!" आमच्या शिकागोत वाजवणाऱ्याला याहून मोठी शाबासकी नाही.

पण ती घाण निस्तरतो मी. असले जुने माइक उघडून दुरुस्त करणं हाच माझा धंदा. थुंकी, तंबाखू, मिशीचे केस, सगळं त्या जाळीत साचून घट्ट होतं. ते खरवडताना मला आजही उमासे येतात. बायको म्हणते, "वेंडल, एवढी किळस येते तर घड्याळं दुरुस्त कर ना."

मार्चमध्ये ओझेल दुकानात आला. कवळी शर्टाच्या खिशात, माइक बगलेत.

"आवाज पार बसलाय याचा. वायर बदल, आवाजाचं बटण बसव, काय हवं ते कर पोरा. फक्त आतलं आतच राहू दे."

'आतलं' म्हणजे काय, हे आमच्या धंद्यात शेंबडं पोरही सांगेल. मिठाचा स्फटिक. त्याच्यावरच आवाज उमटतो, ओल लागली की तो मरतो आणि तसा आता मिळत नाही. लबाड कारागीर तो गुपचूप काढून घेतात. म्हणजे हा मला चोर समजत होता! माझं डोकंच फिरलं.

माइक उघडला तर भपकारा आला. स्फटिक मात्र धडधाकट होता. त्याच्याभोवती रबराची कडी हवी, तिथे चघळलेला च्युइंगगम दाबून बसवलेला. करडा, केसाळ. शी! हातमोजे चढवले, चिमट्याने खरवडला आणि टोपलीत फेकला. नवी कडी घातली, वायर बदलली, बटण बसवलं. स्फटिकाला धक्काही लागू दिला नाही.

शनिवारी ओझेल आला, कवळी चढवून त्याने माउथऑर्गन फुंकला. काचा थरथरल्या. मग खिशातलं नाणं काढून त्याने स्क्रू फिरवले आणि माझ्यासमोरच माइक उघडला.

"इडेला कुठंय?"

इडेला त्याची बायको. तिच्या शवपेटीला मीही खांदा दिला होता.

"तिला जाऊन नऊ वर्षं झाली, ओझेल. स्फटिक बघ, तुझाच आहे."

"खड्ड्यात गेला स्फटिक! गम कुठंय?"

एकदा ऐन कार्यक्रमात माइकची कडी तुटली होती. इडेलाने तोंडातला गम काढला, दातांनी ओढून लांब केला आणि आत बसवला. "टोकाला तिच्या पुढच्या दातांची खूण होती," तो म्हणाला. "फोटो कधी काढू दिला नाही बयेने. तेवढंच होतं माझ्याकडे."

टोपली मी रोज रिकामी करतो. मागच्या गल्लीतल्या पिंपात, जिथे सॉसेजवालाही कचरा टाकतो. कांदा, मोहरी, आंबूस चरबी. कोपरापर्यंत हात घातला. हातमोजे घालायचं सुचलंच नाही. तळाशी तो सापडला. टोकाला दोन दात, मधे फट.

पण कडक झाला होता, वाकेना.

"तोंडात धर," ओझेल म्हणाला. "उबेने मऊ पडेल. चावू नकोस, तिचे दात जातील."

"मी? तुझी बायको, तू धर!"

"मी नाही फेकला."

मी नळाखाली न्यायला लागलो तर त्याने मनगट पकडलं. "धुवायचा नाही."

डोळे मिटून तो मी तोंडात घातला. कांदा, चरबी आणि आणखी काय काय. पण पाच मिनिटं मी दातांना दात लागू दिला नाही.