रबरावर उडणारं विमान

आमच्या आतोबांइतका चिवट उत्साही माणूस लोणावळ्यात दुसरा झाला नसेल, आणि त्यांच्याइतकं मला कोणी दमवलंही नाही. ड्रॉइंगमास्तरकीतून सुटल्यावर माणसं पूजाअर्चा करतात, पत्ते कुटतात. हे गृहस्थ बांबूच्या कामट्या तासून, त्यांवर पतंगाचा कागद चिकटवून, सायकलच्या ट्यूबची पट्टी पिळून विमानं उडवू लागले. खरं विमान मावळावरून वर्षाकाठी एखादं जायचं, तेव्हाची ही गोष्ट. स्वतः उडवून गप्प बसते तर चाललं असतं. पण त्यांना शिष्य हवे होते. हात कापू लागण्याआधी ही विद्या दोन पोरांच्या तरी हाती द्यायची, हा एकच ध्यास. त्यापायी माझे रविवार गेले. विमानांचं खोकं मी उचलायचं, भुशीच्या माळावर मी चढायचं, गवतात पडलेलं विमान मीच हुडकायचं. आत्या म्हणायची, "ने रे बाबा त्यांना. घरभर खळीचा वास सुटलाय."

एकदा त्यांनी आसपासच्या वाड्यांवर कागद लावले : 'रविवारी माळावर विमान. मुलांना पाठवावे.' देहूच्या इतक्या जवळ विमान म्हणजे वैकुंठाहून न्यायला येणारं, हे या भल्या माणसाच्या ध्यानीच आलं नाही. रविवारी पोर एकही नाही. अंघोळी करून, बुक्का लावून सात-आठ म्हातारी माणसं तेवढी बसलेली. एक मावशी म्हणाली, "मास्तर, पोरांचं लय दिस ऱ्हायल्यात. त्यांना नगा नेऊ. आमी हाय की." आतोबांनी शांतपणे रबर पिळून विमान सोडलं. ते पंचवीस-तीस हात गेलं आणि गवतात बसलं. एका आबांनी ते उचलून सगळीकडून पाहिलं. "ह्यात मी मावंल व्हय?" मी हसून लोळलो. आतोबा मात्र त्यांना रबर पिळायला शिकवत बसले.

पोरं पुढेही आली नाहीत. मग हात खरंच कापू लागले. एका रविवारी त्यांना रबर आकड्यात अडकवता येईना. मी अडकवून दिलं. ते म्हणाले, "इतकी वर्षं येतोस. एखादं बांधावंसं नाही वाटलं तुला?" मी दमलेलो होतो. "मला कुठं जमणार, आतोबा," म्हणालो. त्यानंतर त्यांनी मला कधी बोलावलं नाही.

सुटलो, असंच तेव्हा वाटलं. आता फार वाईट वाटतं. शिष्य शोधत ते वाड्या-वाड्या फिरले, आणि मी दर रविवारी त्यांच्या शेजारीच उभा होतो.