कोऱ्या दारावरचं नाव

सुलभावहिनी तांदूळ निवडायला बसली की पितळी ताटात एक बारीक, कोरडा, सरकता आवाज होत असे. मी शिकलो, पोटाला लागलो, चार माणसांत बसण्याजोगा झालो, ते सगळं जिच्यामुळे, ती ही माझी थोरली वहिनी. तिचा विचार मनात आला की मला आधी चेहरा दिसत नाही, हा आवाज ऐकू येतो. गेल्या हिवाळ्यात तोच आवाज मी इजिप्तमध्ये ऐकला. पिरॅमिडच्या पायथ्याशी वारा सुटला आणि दगडाच्या पायरीवरून वाळू सरसरत खाली ओघळली. आमच्या सहलीतली बाकीची मंडळी उंटवाल्याशी घासाघीस करण्यात गुंतली होती. मी कान देऊन उभा राहिलो. भांडुपच्या एका खोलीतलं ते ताट इथे, या विराट दगडांच्या राशीपाशी, कोणी आणून ठेवलं?

मुलुंडच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावर अलका, माझी पत्नी, म्हणाली की आयुष्यभर इतिहासाच्या पुस्तकांवरची धूळ झटकलीस, आता एकदा त्या पुस्तकांतली धूळ प्रत्यक्ष बघून येऊ. म्हणून आम्ही ही मराठी मंडळींची आठवडाभराची सहल घेतली. वहिनीलाही मी चल म्हणालो होतो. ती हसली. ‘थडगी बघूक इतक्या लांब कित्याक जातंस रे बाबू? आणि माझे गुडघे काय त्या उंटावर चढणार?’

माझ्या वयाच्या माणसाला बाबू म्हणणारी ती आता एकटीच उरली आहे. आणि तिला तिच्या मूळ नावाने हाक मारणारं? कोणीच नाही.

वहिनीचं माहेर वेंगुर्ल्याचं. तिथे ती कुमुद. मी शाळेत असताना दादाशी तिचं लग्न झालं आणि आमच्या कणकवलीच्या घरी रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरले गेले. दादाने अंगठीच्या कडेने त्यात नवरीचं नवं नाव लिहिलं, सुलभा. कारण एवढंच, की आमच्या घरात एक कुमुद आधीच होती, माझी आत्या. एका घरात दोन कुमुद झाल्या तर हाक मारताना घोळ होईल, असं वडीलधाऱ्यांना वाटलं. गंमत अशी की आत्या तेव्हा रत्नागिरीला तिच्या सासरी मालती म्हणून नांदत होती! गणपतीला चार दिवस येई, तेवढीच. म्हणजे जिच्यासाठी जागा राखून ठेवली ती कुमुद घरात नव्हती, आणि जी घरात आली तिला कुमुद म्हणायचं नव्हतं. हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी ताट उचललं, अक्षरं मोडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच तांदळाची पेज आम्ही मिटक्या मारत प्यालो.

सुलभा हे नाव निदान घटकाभर तांदळात उमटलं तरी. कुमुद मात्र कुठे पुसलं गेलं, हे दाखवायला जागाच नाही. ते नुसतं थांबलं.

दहावी झाल्यावर मी दादाकडे भांडुपला आलो. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेलं कोणी नव्हतं. दादाची गिरणी तोवर बंद पडली होती आणि तो मिळेल ते काम करत होता. ‘बाबूलाही कुठल्यातरी कारखान्यात चिकटवून टाका,’ असं काका म्हणाले, तेव्हा भाकरी थापता थापता वहिनी म्हणाली होती, ‘चिकटवायला तो काय तिकीट आहे? शिकेल तो.’ पुढे तिने घरगुती डबे करून द्यायला सुरुवात केली, आणि त्या डब्यांवर माझी पदवी उभी राहिली. खोलीत दिवा एकच होता. माझ्या परीक्षेच्या दिवसांत पदर डोळ्यांवर ओढून झोपायची सवय तिने लावून घेतली, आणि ती सवय तिला इतकी लागली की आज चौदाव्या मजल्यावरच्या नव्या घरात, वेगळ्या खोलीत, पूर्ण अंधारातही ती पदर ओढूनच झोपते. कृतज्ञता म्हणून मी आणखी काय वर्णन करू?

त्या वर्षांत तिचा भाऊ उन्हाळ्यात आंब्याची पेटी घेऊन यायचा आणि जिन्यातूनच ओरडायचा, ‘गो कुमू!’ त्या हाकेला वहिनी जशी उठे, तशी दुसऱ्या कुठल्याच हाकेला उठत नसे. हातातलं पीठ हातातच राही. तो भाऊ मागच्या वर्षी गेला. दादा त्याच्याही आधी गेला होता. जुनी चाळ पाडून टॉवर झाला, वहिनीला त्यात घर मिळालं, आणि दारावर पाटी लावायचा दिवस आला. सुताराने ड्रिलने चार भोकं पाडली आणि विचारलं, नाव काय?

दादाच्या नावाची पाटी तयारच होती. पण वहिनी, जणू मीठ मागावं इतक्या साधेपणाने, म्हणाली, ‘माझंही घाला ना. कुमुद.’

तिचा मुलगा मंदार, तसा गुणी पोरगा, मोठ्याने हसला. ‘आई, कुमुद कोण? पार्सलवाला परत जाईल ना!’

काकांना हसूही आलं नाही. ‘नवऱ्याच्या पाटीवर माहेरचं नाव? लोक शेण घालतील तोंडात.’

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार एवढ्यात तिनेच हात हलवला. ‘ऱ्हवांदे रे बाबू. कुमुद आता कोणाक ठाऊक?’ पण गंमत पाहा, दादाची पाटीही तिने लावू दिली नाही. गॅलरीत नेऊन ती पाटी तिने पुसूनसवरून शोकेसमध्ये ठेवली आणि दार तसंच ठेवलं, कोरं, चार भोकांचं. ती भांडली नाही, पण वाकलीही नाही. हे दार डोळ्यांसमोर घेऊनच मी विमानात बसलो.

लक्सरला नदीच्या पश्चिम काठी, उभ्या पिवळ्या कड्याच्या कुशीत एक देऊळ आहे. तीन प्रशस्त सज्जे, एकावर एक. त्यांवरचे खांब सकाळच्या उन्हात असे उजळलेले, की आत्ताच कोणी घासून ठेवलेत असं वाटावं. ते एका राणीने बांधलं. नुसती राणी नव्हे. ती राजा म्हणून गादीवर बसली, राजाची खोटी दाढी लावून तिने राज्य केलं. आमचा तिथला वाटाड्या हसन आम्हाला भिंतीपाशी घेऊन गेला. भिंतीवर देव होते, बोटी होत्या, दूर देशाहून आणलेली झाडं होती, आणि मधोमध माणसाएवढी एक रिकामी जागा होती, छिन्नीच्या घावांनी खरवडलेली. तिच्यामागून आलेल्या राजाने तिला अशी जागोजागी भिंतींवरून काढून टाकली. नावं ज्या लांबट चौकटींत कोरलेली असतात, त्यांतून तिचं नाव खरवडलं, आणि कित्येक ठिकाणी तिथे दुसरी नावं कोरली. कोणाची? हसनने बोटांवर मोजून सांगितलं. बापाचं आणि नवऱ्याचं!

मी दचकलोच. ओळखीची रीत परमुलखात भेटली की माणूस असा दचकतो.

आमच्या गटात बोरिवलीचे एक सद्गृहस्थ होते, बोलायला हौशी. ते म्हणाले, ‘सावंतसाहेब, एवढं काय मनाला लावून घेता? असतं काहीतरी कारण. घराण्याचा क्रम नीट लागायला नको का? आणि दगड बघायचे तर आमच्या लोकलच्या लाइनीवरच जोगेश्वरीला लेणी आहेत की!’

‘तुम्ही गेलात का कधी जोगेश्वरीला?’ अलकाने विचारलं.

‘नाही, पण आहेत ना!’

मंडळी हसली. मीही हसलो, पण आत काहीतरी पेटलं ते विझलं नाही. कारण! नाव पुसणाऱ्यांकडे कारण नेहमीच असतं. घोळ होऊ नये, क्रम लागावा, लोकांनी बोलू नये, पार्सल परत जाऊ नये. त्यात दुष्टपणाही नसतो, हेच तर अवघड. आमच्या घरी पेढे वाटून, टाळ्या वाजवून ते झालं. छिन्नी निदान दगडावर घाव सोडते, इतक्या काळानंतरही तो घाव बोट ठेवून दाखवता येतो. तांदूळ कोणता घाव दाखवणार?

हसनने सांगितलं की ते जुने लोक नावाला माणसाचा एक अवयव मानत. देह टिकला आणि नाव पुसलं गेलं, तर माणूस दुसऱ्यांदा मेला. मग तो म्हणाला, नीट बघा. उन्हाच्या तिरिपेत त्या खरवडलेल्या जागेची कड दिसू लागली. खांदा, हात, पुढे टाकलेलं पाऊल. खरवडणाऱ्याने इतक्या काटेकोरपणे तिच्या देहाच्या रेषेनुसार खरवडलं होतं, की ती जागा तिच्याच आकाराची झाली होती! पुसणारे थकले, त्यांची राज्यं गेली, आणि ती आकाराने उभीच आहे. हसनने तिचं नाव आम्हा सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतलं. आमच्या मराठी जिभांवर ते वेडंवाकडं आलं, पण आलं. बोरिवलीच्या सद्गृहस्थांनीही म्हटलं. कड्यावर आपटून ते परत आलं तेव्हा माझ्या मनात दुसरंच एक नाव उमटलं होतं, आणि ऱ्हवांदे म्हणणारं माझ्यातलं जे काही होतं, ते तिथेच, त्या उन्हात, मी सोडून दिलं.

त्या दुपारी बाजारात सोनाराने विचारलं, कोणाचं नाव घालू? तिथे प्रवाशांची नावं त्या लांबट चौकटीत, त्यांच्या चित्रलिपीत कोरून देतात. अलकाने स्वतःचं करून घेतलं. मी दुसरं सांगितलं. हॉटेलवर येऊन मी पत्र लिहिलं, आणि आयुष्यात प्रथमच वहिनीच्या पत्त्यावर सुलभा हा शब्द घातला नाही.

प्रिय कुमुद,

वहिनी असं लिहायला हात वळत होता, आवरला. एवढ्यापुरतं माफ कर.

इथे बरीच थडगी पाहिली. तू म्हणालीस तशी लांब आहेत, पण इथे येऊन मला आपल्याच घरातली गोष्ट कळली. इथली वाळू तुझ्या ताटातल्या तांदळासारखी वाजते. तो आवाज ऐकला की तू समोर बसल्यासारखी वाटतेस.

एका राणीचं नाव खरवडून तिच्या बापाचं आणि नवऱ्याचं नाव घातलेलं मी पाहिलं. म्हणून आधीच सांगतो, दादाचं नाव पुसायचं नाही. पुसण्याचं काम आपल्या घराने पुष्कळ केलं. शोकेसमधली पाटी काढ, ती दारावर राहील, आणि तिच्याशेजारी तेवढीच मोठी दुसरी. भांडुप स्टेशनबाहेरच्या पाटीवाल्याकडून मी करून आणतो. काकांना काय ते मी सांगेन. मंदारला सांगायची गरज पडणार नाही, तो पोरगा समजूतदार आहे, फक्त त्याला कोणी विचारलेलं नाही. लावायची की नाही, हे मात्र तूच ठरवायचं. तू नको म्हणालीस तर दार कोरं राहील, आणि तेही मला तुझंच वाटेल.

मी या पत्राच्या आधी घरी पोचेन. तरी मुद्दाम टपालात टाकतोय. पाकिटावर इमारतीचा पत्ता, मजला आणि कुमुद एवढंच आहे, घराचा नंबर नाही. खालचा वॉचमन गोंधळेल. मजल्यावर चार घरं आहेत, तो चारही घरी विचारत फिरेल, इथे कुमुद कोण?

तेव्हा ऱ्हवांदे म्हणू नकोस. हातात पीठ असलं तरी तशीच दारात ये, आणि त्याला सांग, मी.

तुझा,
बाबू