एका गुरुवारची दोन पानं

ग्रंथ जमिनीवर पाडला तो मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात इतक्या जणांनी इतके अर्थ लावले की खरा गुन्हेगार त्या गर्दीत सहज निसटला असता.

त्या गुरुवारी मी वाचनाला वेळेआधी पोचलो, हीच पहिली चूक. एरवी मी उशिरा जातो आणि चपलांच्या ढिगाशेजारी अंग चोरून बसतो. आमची वाचनाची खोली लॉण्ड्रीच्या वर आहे; खालून गरम कपड्यांचा वास येतो, त्यामुळे सगळे आपोआप स्वच्छ असल्यासारखे वागतात. खोलीत कुणी नव्हतं. टेबलावर ग्रंथ होता. चहाचा कप ठेवायला जागा करावी म्हणून मी एका हाताने ग्रंथाचा पुठ्ठा धरून तो उचलला. पुठ्ठा हातात आला, ग्रंथ आला नाही. उरलेलं काम पंख्याने केलं. तो पाचावर होता.

तीनशे बारा पानं. काही कपाटामागे गेली, काही खिडकीच्या गजांना चिकटली. पानांवर आकडे असते तर मी सुटलो असतो, पण मागच्या बांधणीच्या वेळी कापणाऱ्याने कडा सारख्या करताना आकडेच छाटून टाकले होते. त्यात एका पानावर एक शिकवण, म्हणजे वाक्य पुढे कुठे जातंय हे बघून पानं लावायचीही सोय नाही. मी ती पत्त्यांसारखी गोळा केली, टेबलावर आपटून सारखी केली, खुणेची दोरी अंदाजाने मध्यावर घातली आणि बाई जिना चढून येईपर्यंत आयुष्यात कधी पंखा न पाहिलेल्या माणसाचा चेहरा करून बसलो.

कुणाला कळणार नाही याची मला खात्री होती. आम्ही दर गुरुवारी एकच पान वाचतो. ग्रंथ संपायला सहा वर्षं लागतात. सहा वर्षांपूर्वी कुठल्या पानानंतर कुठलं पान आलं होतं, हे कुणाच्या बापाला आठवणार?

पण वाचन करणाऱ्या बाईंना मागच्या आठवड्यात ताप होता. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. बुडालेला तास भरून काढायची सवय त्यांच्या हाडात मुरलेली. म्हणून त्या दिवशी दोन पानं वाचायची ठरली.

पहिल्या पानावर होतं: आजाऱ्याच्या उशाशी जाताना त्याचा गुन्हा विचारू नकोस.

बाईंनी पान उलटलं. दुसऱ्यावर होतं: ज्याने माप खोटं केलं त्याचा उंबरा ओलांडू नकोस, तो मरणाच्या दारात असला तरी.

ती दोन पानं सगळ्यांना सारखी लागली नव्हती. आमच्यातल्या एकाच माणसाला लागली होती, आणि तो खिडकीशी ताठ बसला होता.

त्यांना आम्ही काटेवाले म्हणतो. दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. त्यांच्याकडे आतून मखमल लावलेली लाकडी पेटी आहे आणि तिच्यात पितळेची प्रमाण वजनं. त्या वजनांना ते उघड्या बोटाने शिवत नाहीत. बोटाच्या घामालाही वजन असतं म्हणतात. माणूस तसाच आहे. किती वाजले विचारलं तर 'सहा वाजून अकरा' सांगतील. तब्येत विचारली तर 'उजवा गुडघा सोडून बरी'. त्यांची बायको सांगते की लग्नाआधी इतरांचे होणारे नवरे 'तुझ्यावाचून जगू शकणार नाही' असं म्हणत; हे म्हणाले होते, "जगेन, पण अवघड जाईल." वहिनी हे तक्रार म्हणून सांगतात, पण सांगताना पदर सारखा करतात.

या माणसाला एक धाकटा भाऊ. दोघांचं एकच कारखानावजा दुकान होतं. लोखंडी वजनाच्या पोटात खाली एक भोक असतं, त्यात शिसं भरून वजन नेमकं करतात. थोडं शिसं खरवडून काढलं की वजन हलकं होतं आणि वरून कुणाला दिसत नाही. नऊ वर्षांपूर्वी धाकट्याने एका दुकानदारासाठी ते केलं. थोरल्याने विचारलं तेव्हा गेलेल्या आईची शपथ घेऊन नाही म्हणाला. थोरल्याने ते पाच किलोचं वजन काट्यावर ठेवलं. चाळीस ग्रॅम कमी भरलं. आणि त्याच आठवड्यात, गुरुवारी, बाईंनी ते उंबऱ्याचं पान वाचलं. मीही तेव्हा तिथेच, चपलांशेजारी बसलो होतो. काटेवाल्यांना वाटलं, ग्रंथ आपल्याशीच बोलला. तेव्हापासून त्यांनी भावाचं तोंड पाहिलं नाही. पुतण्याच्या लग्नालासुद्धा वहिनी एकट्याच गेल्या होत्या.

आजाऱ्याचं पानही मधल्या नऊ वर्षांत कधीतरी वाचून झालं असणार. पण तेव्हा भाऊ ठणठणीत होता. ज्याचं दुखत नाही त्याला औषधाचं नाव लक्षात राहत नाही.

आता दुखत होतं. आदल्या दिवशी धाकट्या जावेचा फोन आला होता. यकृत गेलंय, डॉक्टर दिवस मोजून सांगतायत, आणि हे सारखं दादा दादा करतायत. वहिनींनी निरोप दिला. काटेवाल्यांनी ऐकला, पेटी उघडली आणि वजनं पुसायला बसले. यातलं आम्हाला गुरुवारी काहीच माहीत नव्हतं. आम्ही आपले वाद घालायला मोकळे होतो.

दातांच्या डॉक्टरांनी सुरुवात केली. ते म्हणाले की असल्या गोष्टी अक्षरशः घ्यायच्या नसतात. उंबरा म्हणजे मनाचा उंबरा, माप म्हणजे नीतीचं माप. काटेवाल्यांनी त्यांना शांतपणे विचारलं की दाढ काढतानाही तुम्ही मनातलीच काढता का. सगळे हसले, डॉक्टरही हसले, काटेवाले हसले नाहीत. बाईंनी सुचवलं की एक पान व्यापाऱ्यांसाठी असेल, एक घरच्यांसाठी. व्यापारीच घरचा असला तर, असं काटेवाल्यांनी विचारलं. बाईंनी चष्मा काढून पुसला. मुख्याध्यापिका चष्मा पुसते तेव्हा उत्तर नसतं, हे आम्हा सगळ्यांना शाळेपासून ठाऊक आहे.

मग काटेवाले म्हणाले, "वजनमाप खात्याची दोन परिपत्रकं निघाली आणि एकमेकांशी जुळली नाहीत, तर नंतरचं धरतात. बाई, आधी कुठलं वाचलंत?"

"आजाऱ्याचं."

"म्हणजे नंतरचं उंबऱ्याचं. झालं तर मग."

ते उठले, चपला घातल्या आणि जिना उतरून गेले.

तो क्रम मी लावलेला होता. मी आणि पंख्याने. हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात डॉक्टरांनी बिस्किटांची बशी पुढे केली, आणि मी बिस्किटाबरोबर तेही गिळलं. मनात म्हटलं, लोक असं बोलतात आणि विसरतात. बरोबर नऊ वर्षं एकाच गोष्टीला धरून बसलेल्या माणसाबद्दल मी हे म्हणत होतो.

रविवारी सकाळी वहिनी माझ्या दारात उभ्या. पायरीवरच बोलायला लागल्या. जेवत नाहीत. एकच वजन चार-चार वेळा काट्यावर ठेवतात. काल एका दुकानाचा काटा चुकीचा लावून दिला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा काटा परत आला. मग त्यांनी फोनचं सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही लिहिणारे-वाचणारे आहात. काहीतरी समजवा."

मी समजावलं नाही, कबूल केलं. पुठ्ठा, चहा, पंखा, सगळं. वहिनी म्हणाल्या, "आणि तीन दिवस तुम्ही गप्प बसलात."

त्या पुढे आणि मी मागे, असे आम्ही दुकानात गेलो. काटेवाले एका काट्याची, दांडी जिच्यावर झुलते ती, धार कापडाने पुसत होते. मी पुन्हा सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, रागावतील. रागावले असते तर माझं बरंच ओझं उतरलं असतं. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

"म्हणजे क्रम तुमचा. ग्रंथाचा नाही."

"नाही."

"मग ग्रंथाचा बघू."

सोमवारी वाचनालय उघडताच आम्ही दोघं आत शिरलो. तिथे ग्रंथाची छापील प्रत आहे, आकड्यांसकट. मी मनातल्या मनात विनवत होतो की उलटं निघू दे. या माणसाला त्याच्याच नियमाने मोकळं होऊ दे. त्यांनी पानं शोधली. आजाऱ्याचं पान अठ्ठ्याऐंशी. उंबऱ्याचं दोनशे एकाहत्तर.

तीनशे बारा पानं मी डोळे मिटून पिसली होती, आणि या दोन पानांचा क्रम तेवढा बरोबर लागला होता. असला योग माझ्या आयुष्यात दुसऱ्या कशात आलेला नाही.

काटेवाल्यांनी ओळीखालून बोट फिरवलं. पुन्हा मागे जाऊन अठ्ठ्याऐंशीवर फिरवलं. ग्रंथपाल मान वर करून बघायला लागली, कारण त्यांचे ओठ हलत होते. शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं.

मी घाईघाईने डॉक्टरांचीच बाजू मांडू लागलो. म्हटलं, उपमा असते, काटेवाले, प्रत्येक शब्द काट्यावर ठेवायचा नसतो.

"डॉक्टर म्हणतात ते खरं असेल," ते सावकाश म्हणाले, "तर मी नऊ वर्षं एका उपमेसाठी घालवली."

आम्ही बाहेर आलो. त्यांची बस समोरच्या थांब्यावरून मिळते. ते समोर गेले नाहीत. अलीकडच्याच थांब्यावर उभे राहिले आणि रुग्णालयाकडे जाणारी बस आल्यावर चढले. मला कुणी बोलावलं नव्हतं, मीही चढलो. वाटेत ते एकदाच बोलले, तेही स्वतःशी. म्हणाले, दोनशे एकाहत्तर. आणि हात मांडीवर घट्ट धरून बसले.

वॉर्डाच्या दाराशी ते थांबले. रुग्णालयात उंबरे नसतात, चाकांच्या खाटा न्यायच्या असतात. तरीही ते त्या सपाट फरशीच्या अलीकडे इतका वेळ उभे राहिले की एका नर्सने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. मग ते आत गेले.

भाऊ हळदीसारखा पिवळा झाला होता. डोळे उघडे होते, पण ते कुणाला धरत नव्हते. त्याची बायको, म्हणजे धाकटी वहिनी, उठून उभी राहिली, डोक्यावर पदर घेतला आणि रडली नाही. काटेवाले उशाशी गेले. भावाने त्यांच्याकडे पाहिलं आणि क्षीण आवाजात विचारलं, "कंपाउंडर, माझा दादा आला का हो?"

काटेवाल्यांना खोटं बोलता येत नाही. तिथे त्याची गरजही पडली नाही.

"आला," ते म्हणाले.

"बसायला सांगा त्याला. उभा राहील नाहीतर. तसलाच आहे तो."

ते बसले. भावाचा हात त्यांनी उघड्या बोटांनी धरला. धाकटी वहिनी मला बाजूला घेऊन हळूच सांगत होती की शनिवारपर्यंत ते माणसं ओळखत होते. मी मान हलवली. शनिवारी मी घरी होतो. शुक्रवारीही घरीच होतो.

तासाभराने आम्ही बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. काटेवाल्यांचे डोळे कोरडे होते आणि चेहरा एका आठवड्यात दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता. गप्प बसणं मला जमेना. शनिवार डोक्यातून जात नव्हता. त्याच्यावर घालायला मला चार बरे शब्द हवे होते.

म्हटलं, "काटेवाले, ग्रंथाचं मन धरायचं असतं हो, अक्षर नाही. भावाकडे जा, एवढंच शेवटी त्याला म्हणायचं असणार."

ते माझ्याकडे वळले.

"मग हे नऊ वर्षांपूर्वी का नाही बोललात?"