दुसरी तोटी

ओतोसानच्या खोलीवर पहिल्यांदा मुक्कामाला गेले, तेव्हा गादी काढायला म्हणून भिंतीतलं कपाट उघडलं, तर दोन गाद्यांच्या मधे टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. उचलायला गेले तर उचलेना. टॉवेल बाजूला केला. आत ट्रॅक्टरची बॅटरी होती. साडेचार जपानी चटयांची, म्हणजे जेमतेम नऊ फूट लांबरुंद, ती खोली, तिच्यात एक माणूस, एक टीव्ही, गेलेल्या सासूबाईंच्या नावाची, फोटोच्या जागी पुजायची काळी पाटी, आणि सगळ्यात उबदार जागी बॅटरी. मी वळून पाहिलं तर ओतोसान हातातला चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडेच बघत होते. म्हणाले, “तिला गार जमिनीवर ठेवायची नसते.” त्या रात्री मी आणि माझा नवरा ताकेशी उरलेल्या जागेत झोपलो.

ओतोसान म्हणजे माझे सासरे. ओतोसान म्हणजे बाबाच; पण माझे पुण्याचे बाबा वेगळे आणि हे वेगळे, म्हणून मराठीत विचार करतानाही मी यांना ओतोसानच म्हणते. मी कंपनीतर्फे दोन वर्षांसाठी जपानात, कावासाकीला आले होते. तिथल्याच ऑफिसातल्या ताकेशीशी लग्न केलं आणि राहिले. माझं काम दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं. स्वभावाला अगदी साजेसं, असं माझी आई म्हणते. ताकेशीचं गाव फुकुशिमाच्या समुद्रकाठचं. सासूबाई आधीच गेल्या होत्या, ओतोसान एकटे भातशेती करत. मग भूकंप झाला, लाटा आल्या, अणुवीज केंद्रात ते सगळं झालं आणि गाव रिकामं करायला सांगितलं. दोन-तीन दिवसांत परत येऊ, अशा समजुतीनं लोक नेसत्या कपड्यांनिशी बसमध्ये चढले. आमच्या गावावरची प्रवेशबंदी पुढे कधी उठलीच नाही.

ट्रॅक्टर शेडमध्ये राहिला. जुना, लाल रंग उडून विटकरी झालेला, वयानं ताकेशीपेक्षा मोठा. मार्चमध्ये भूकंप झाला तेव्हा त्याची हिवाळ्याची झोप अजून संपायची होती, म्हणून तो शाबूत राहिला. पहिल्यांदा घरी जाऊन यायची परवानगी मिळाली ती बसनं, दोन तासांसाठी, आणि सामान आणायला माणशी एक प्लास्टिकची पिशवी. कोणी फोटो आणले, कोणी बँकेची पुस्तकं. ओतोसाननी पिशवीत खाली बॅटरी आणि वर बायकोच्या नावाची पाटी घातली. दोन्ही किरणोत्साराच्या तपासणीतून पास झाल्या. ताकेशीनं ते ऐकून कपाळाला हात लावला होता. “आईला बॅटरीवर बसवून आणलं?” असं त्यानं विचारलं, तेव्हा ओतोसान म्हणाले, “तोरिआएझु.”

हा त्यांचा शब्द. इकडे हॉटेलात बसल्याबसल्या पहिली बियर मागवताना लोक तोरिआएझु म्हणतात. म्हणजे तूर्तास हे आण, बाकीचं मागून ठरवू. ओतोसान तो कशालाही लावत. पत्र्याच्या तात्पुरत्या वसाहतीत राहायला गेले, तूर्तास. गुडघ्यावर पट्टा बांधला, तूर्तास. शेजारची बाई वसाहतीतून मुलाकडे कायमची निघाली, तिलाही हे निरोप देताना तूर्तास म्हणाले. पाचसहा वर्षं हे तूर्तास चाललं होतं.

नंतर स्वतःच्या गाडीनं जायची सोय झाली. पाच तास मिळत. पंधरा वर्षांखालच्या मुलांना बंदी, त्यामुळे आमची लेक कावासाकीतच राही, आणि ताकेशीला त्या घरात पाय टाकवत नसे. मग ऑफिसातून सुट्टी काढून मीच गाडी चालवू लागले. वाटेत पांढरे कागदी अंगरखे, हातमोजे, बुटांवरून पिशव्या, गळ्यात किरणोत्सार मोजायचं यंत्र. वर्षातून दोनदा. वसंतात ट्रॅक्टर जागा करायचा, दहा मिनिटं इंजिन चालवायचं, अंगणाच्या कडेपर्यंत नेऊन परत आणायचा. शरदात पुन्हा झोपवायचा. मधल्या काळात त्याला काम काहीच नसे. शेतात माझ्यापेक्षा उंच गवत आणि त्यात रानडुकरं. काहीही न केलेल्या ट्रॅक्टरला हे म्हातारं इतक्या निगुतीनं विश्रांती का देतं, याचं पहिल्या वर्षी मला हसूच आलं होतं.

पण काम बघण्यासारखं असे. घाण असलेलं यंत्र तपासायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. “आधी पुसायचं, मग बघायचं,” असं म्हणून ते मला फडकं देत, आणि मी कागदी अंगरख्यात घामाघूम होऊन पुसत राही. मग ग्रीस. मग डिझेलची टाकी काठोकाठ भरायची, कारण टाकीत रिकामी जागा राहिली तर तिथे थंडीत दव धरतं आणि ते पाणी डिझेलमध्ये उतरतं. क्लचचा पेडल खाली दाबून आकड्यात अडकवायचा, नाहीतर आतल्या चकत्या वसंतापर्यंत एकमेकींना चिकटून बसतात. मागचा माती फोडणारा रोटाव्हेटर जमिनीवर टेकवायचा. धुराच्या पाइपात चिंधी कोंबायची, उंदरांसाठी. इंजिन थंड ठेवायला ओतोसान त्यात साधं पाणी घालत. न गोठणारं हिरवं पाणी बाजारात मिळतं, पण ते त्यांना पसंत नव्हतं. ते साधं पाणी सगळं काढून टाकायचं आणि शेवटी स्टिअरिंगला एक लाकडी पाटी अडकवायची: पाणी नाही. वसंतात विसरून कोणी कोरडंच इंजिन सुरू करू नये म्हणून. त्या गावात विसरायला कोण उरलं होतं, हे मी विचारलं नाही.

अर्जाचं लचांड त्याच सुमारास सुरू झालं. घर आणि शेड सरकार पाडून देणार होतं, पण मुदतीत अर्जावर मालकाचा, इकडे सहीऐवजी मारतात तो, शिक्का हवा. ताकेशीचं म्हणणं सरळ होतं. छत गळतंय, माजघरात डुकरं राहतायत, शिक्का मारा. ओतोसान चिडत नसत, आवाजही चढवत नसत. एवढंच म्हणत, “ट्रॅक्टर चालू आहे. चालू यंत्र आत असताना कोणी शेड पाडतं का?” बापलेकांचं बोलणं इथे येऊन थांबे. मला मनातून ताकेशीचं पटत होतं, आणि तरी वसंतात ते इंजिन काळा धूर ओकत सुरू झालं की ओतोसानांच्या चेहऱ्याकडे बघून वाटे, हे चालू आहे तोवर हा माणूस चालू आहे.

त्या वर्षी शरदात ते घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातल्या खाटेवरून त्यांना एकच घोर, ट्रॅक्टर. मी जाते म्हटलं. त्यांनी डोळे मिटून सगळं क्रमानं सांगितलं आणि मी फोनवर उतरवून घेतलं. माझ्या कामात ही मोठी शिस्त असते. लिहिलंय ते सगळं करायचं, लिहिलेलं नाही ते करायचं नाही. ताकेशी या वेळी बरोबर आला, पण घरातच कागदपत्रं शोधत बसला. शेडमध्ये मी एकटी. पुसलं, मग बघितलं. ग्रीस, डिझेल, क्लच, चिंधी. “पाणी काढ” असं लिहिलं होतं. रेडिएटरच्या खालची तोटी मला ठाऊक होती. उघडली, पाणी गेलं, थेंब थांबेपर्यंत थांबले आणि तशीच उघडी ठेवली. पाटी अडकवली, फोटो काढला. इस्पितळात तो फोटो ओतोसाननी दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला. म्हणाले, “ताकेशीला हे जमलं नसतं.” सासरच्या माणसांकडून इतकी शाबासकी मला आयुष्यात मिळाली नव्हती. परतीच्या वाटेवर मी स्वतःवरच खूश होते.

वसंतात ते काठी टेकत आले, ताकेशीही बरोबर होता. अंगरखा घालायला मी मदत केली. बॅटरी बसवली, पाटी काढली, तोटी बंद केली आणि मी रेडिएटरमध्ये पाणी ओतू लागले. डबा रिकामा झाला तरी पाणी वर येईना. खाली पाहिलं तर इंजिनाच्या कुशीतून ओघळ येत होता. ओतोसान वाकले. आधी पुसलं, मग बघितलं. ओतीव लोखंडाला वीतभर तडा होता. मग त्यांचा हात इंजिनाच्या बाजूला, डिझेलच्या गाळणीच्या मागे गेला आणि तिथे काहीतरी फिरवू लागला. बोटाएवढी एक तोटी होती, गच्च बंद. दर वर्षी मी धुराच्या पाइपात चिंधी कोंबत असताना ते ती उघडत असणार. मी कधी पाहिलंच नव्हतं. इंजिनाच्या पोटातलं पाणी रेडिएटरच्या तोटीनं निघत नाही. ते हिवाळ्यात गोठलं, फुगलं आणि लोखंड फुटलं.

ताकेशी दारात येऊन काय झालं विचारू लागला. ओतोसान फडक्याला हात पुसत म्हणाले, “लोखंड जुनं झालं होतं.” ताकेशीनं मान हलवली. आठवड्याभरात ओतोसाननी अर्जावर शिक्का मारून दिला. वाद नाही, अट नाही. ताकेशीला हायसं वाटलं. एकदा मी त्याला सगळं खरं सांगितलं, तर तो माझा हात धरून म्हणाला, तुझी काही चूक नव्हती, आणि खरं सांगू का, जे झालं ते बरंच झालं. त्या वाक्याचा मला इतका राग आला की मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. एका माणसाचं उरलंसुरलं मी फोडलं होतं आणि लोक मला त्याबद्दल धन्यवाद देत होते.

शेड पाडायची पाळी पुढच्या वसंतात होती. शरदात ओतोसानांचा ऑफिसात फोन आला. फोनवर ते कधी बोलत नसत. विचारलं, सुट्टी कधी मिळेल, ट्रॅक्टर हिवाळ्यासाठी ठेवायचाय. म्हातारपणानं घोटाळा होतोय की काय, असं मनात आलं. पण आवाज नेहमीचा होता. मी सुट्टी टाकली आणि गेले.

त्यांनी सगळं करून घेतलं. पुसायला लावलं, ग्रीस घालायला लावलं, टाकी काठोकाठ भरायला लावली. स्वतः एका उलट्या बादलीवर बसून बघत होते. श्वास लागत होता. मग बरोबर आणलेल्या बाटलीतलं पाणी त्यांनी रेडिएटरमध्ये ओतायला सांगितलं. तडा होता तिथून पाणी लगेच ठिबकू लागलं. “आता दुसरी उघड,” ते म्हणाले. मी गाळणीच्या मागे हात घातला. सापडेना. त्यांनी काही सांगितलं नाही, वाट पाहिली. सापडली. उघडल्यावर तांबूस पाणी करंगळीएवढ्या धारेनं आलं, थोडा वेळ वाहिलं आणि थांबलं.

“एवढंच होतं आत,” ते म्हणाले.

आमच्या पुण्यात चूक कबूल करण्याआधी समोरच्याची एक तरी चूक काढायची पद्धत आहे. माझ्याजवळ ती तयारही होती: तुम्ही दोन तोट्या आहेत असं सांगितलंच कुठे? पण ते पाणी बघितल्यावर ती ओठावर येईना. मी गुडघ्यांवर बसून म्हटलं, “ओतोसान, चूक माझी होती.”

“हो,” ते म्हणाले. “तुझीच. सगळं आलं का, हे तू बघायला हवं होतंस.” मग म्हणाले, “पुन्हा बंद कर. डोळे मिटून सापडली पाहिजे.”

मी डोळे मिटून ती तोटी चार वेळा उघडली आणि बंद केली. कुठल्या ट्रॅक्टरसाठी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चौथ्या वेळी त्यांनी मान हलवली, पाटी माझ्या हातात दिली, मी ती अडकवली. परतताना गाडीत ते झोपून गेले. तपासणीच्या नाक्यावर उठवावं लागलं.

त्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला आणि ते त्यातून उठले नाहीत. शेड पाडली तेव्हा ताकेशी गेला होता, मी गेले नाही. मी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, यंत्राच्या पंजानं ट्रॅक्टर उचलला, मिनिटभरही लागलं नाही. मग माझा चेहरा बघून, जवळ येऊन, पुन्हा तेच म्हणाला: जुनंच होतं ते, तुझी चूक नव्हती. नणंदेनं फोनवर तेच सांगितलं. पुण्याहून आईनंही तेच सांगितलं. सगळे माझ्यावर माया करणारे लोक आहेत, आणि त्या सगळ्यांसमोर मी मान हलवते. चूक माझी होती हे मला सरळ सांगणारा एकच माणूस होता, आणि त्याच्याजवळ रडायचं माझं राहून गेलं.